लिंकर बदलला की काय काय बदलतं

लॉगच्या एका ओळीत एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त केलं, बिल्डची कमांड पुन्हा दिली. बदललेली फाइल दोन-तीन सेकंदांत कंपाइल झाली, स्क्रीनवर 'लिंकिंग' एवढी ओळ उमटली आणि पुढे अर्धा मिनिट सगळं गप्प. सी प्लस प्लस किंवा रस्टच्या मोठ्या प्रकल्पावर काम करणाऱ्याला ही शांतता चांगली ओळखीची असते. एका अक्षरासाठी हा एवढा वेळ काय करत बसलाय, असं मनात येतं, मग हात फोनकडे जातो आणि प्रश्न तिथेच राहतो.

या अर्ध्या मिनिटाचा धनी म्हणजे लिंकर, कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणारा. विषय निघाला की कुणीतरी सांगतं, 'मोल्ड हा लिंकर लाव, एका सेकंदात होईल.' लगेच दुसरं कुणी म्हणतं, 'त्या भानगडीत पडू नको, आमचं बिल्ड मोडलं होतं.' दोघंही खरंच बोलत असतात. वेग वेगळा मोजायचा आणि सुसंगतता वेगळी तपासायची, अशी आपल्याला सवय असते. लिंकरच्या बाबतीत मात्र ही दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत. जो लिंकर जलद झाला, तो काही जुन्या जबाबदाऱ्या खांद्यावरून उतरवून ठेवूनच झाला. तुमचं बिल्ड त्यातल्याच एखाद्या जबाबदारीवर उभं असेल, तर मोडणारच. तेव्हा कुणी काय उतरवून ठेवलं, हे आधी पाहू.

रिकाम्या जागा भरणारा

कंपाइलर एका वेळी एकच फाइल बघतो. समजा तुमच्या मुख्य फाइलमध्ये 'बेरीज' नावाच्या फंक्शनला कॉल आहे आणि ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. मुख्य फाइल कंपाइल होताना 'बेरीज' शेवटी मेमरीत कुठल्या पत्त्यावर जाऊन बसणार, हे कंपाइलरला ठाऊकच नसतं. तो काय करतो? कॉलची सूचना लिहितो आणि पत्त्याची जागा रिकामी सोडतो. इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरवर साधा कॉल पाच बाइटचा असतो: पहिला बाइट 'कॉल कर' असं सांगणारा, पुढचे चार अंतराचे. कंपाइलरने तयार केलेली फाइल, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल, उघडून पाहिली तर हे चार बाइट शून्य दिसतात. शेजारी एका तक्त्यात नोंद असते की अमुक ठिकाणी 'बेरीज' या सिम्बॉलपर्यंतचं, म्हणजे त्या नावाच्या फंक्शनपर्यंतचं, अंतर भरायचं आहे. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात.

आता लिंकर येतो. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइली वाचतो, त्यांतले तुकडे एकामागे एक मांडतो आणि कोण कुठे बसलं हे ठरवतो. समजा कॉलची सूचना ४००० या पत्त्यावर आली आणि 'बेरीज' ४५०० वर. सूचना पाच बाइटची, म्हणजे पुढची सूचना ४००५ वर. ४५०० वजा ४००५ म्हणजे ४९५. लिंकर त्या चार शून्यांच्या जागी ४९५ लिहितो. संपलं.

एवढंच काम असेल तर अर्धा मिनिट का लागावा? कारण असल्या रिकाम्या जागा मोठ्या प्रोग्राममध्ये लाखो-कोट्यवधी असतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा चालणाऱ्या कोडमधला नसतोच. डीबगरसाठी ठेवलेली माहिती, म्हणजे कोणता बाइट कोणत्या ओळीतून आला, कोणत्या व्हेरिएबलचा प्रकार काय, यातही पत्ते असतात आणि तेही भरावे लागतात. शिवाय सी प्लस प्लसची एक जुनी खोड आहे. हेडरमधलं टेम्प्लेट तीनशे फाइलींनी वापरलं, तर त्याच फंक्शनच्या तीनशे प्रती तीनशे ऑब्जेक्ट फाइलींत तयार होऊ शकतात. लिंकरने त्यांतली एक ठेवायची आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. नावांचंही तसंच. एकच लांबलचक टाइपनेम हजार वेळा आलेलं असतं, ते एकदाच लिहायचं आणि बाकीच्यांना तिकडे वळवायचं. डीबग बिल्ड लिंक व्हायला रिलीज बिल्डपेक्षा जास्त वेळ का घेतं, याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं.

थोरला एलडी

लिनक्सवर वर्षानुवर्षं जो लिंकर मिळतो तो ग्नू एलडी. तो बिनयुटिल्स या संचाचा भाग आहे आणि बीएफडी नावाच्या लायब्ररीवर उभा आहे. बीएफडीची कल्पना अशी: जगात ऑब्जेक्ट फाइलींचे अनेक प्रकार आहेत, तेव्हा प्रत्येक प्रकार वाचून त्याचं एका समान रूपात रूपांतर करायचं आणि पुढचं काम त्या समान रूपावर करायचं. त्यामुळे एलडी जवळपास कुठेही चालतो: जुने प्रोसेसर, छोटे मायक्रोकंट्रोलर, विस्मरणात गेलेले फॉरमॅट. पण प्रत्येक सिम्बॉलला या दुभाष्यामार्फत जावं लागतं, त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. बहुतेक काम एकाच थ्रेडवर चालतं. तुमच्याकडे सोळा कोर असले तरी पंधरा बघत बसतात.

एलडीची दुसरी ओळख म्हणजे लिंकर स्क्रिप्ट. कुठला सेक्शन (फाइलीतला विभाग) कुठल्या पत्त्यावर जाईल, कशामागे काय येईल, कोणत्या ठिकाणी कोणतं सिम्बॉल तयार करायचं, हे सगळं सांगणारी ही छोटी भाषाच आहे. तुम्ही काहीही दिलं नाही तरी एलडी आतून आपली ठरलेली स्क्रिप्ट वापरतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने स्क्रिप्ट ही वरची सोय नसून मांडणीचा पायाच आहे. फर्मवेअर लिहिणाऱ्यांना आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल बांधणाऱ्यांना यावाचून पाऊल टाकता येत नाही.

या दुभाष्याला पहिल्यांदा बाजूला सारलं ते गोल्ड या लिंकरने. इयन लान्स टेलर यांनी गूगलमध्ये असताना तो लिहिला आणि २००८ मध्ये तो बिनयुटिल्समध्ये आला. गोल्डने सरळ सांगितलं की मी फक्त एल्फ फॉरमॅट वाचणार. लिनक्सवर एल्फशिवाय दुसरं लागतंय कुणाला? बीएफडीचा मधला थर गेला आणि वेग वाढला. लिंकर स्क्रिप्टही त्याला कळत होत्या, पण रचना त्यांच्याभोवती नव्हती, आणि इथेच त्याची गाडी अडली. गोल्डने लिंक केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये अडचणी येत राहिल्या, तेव्हा कर्नलच्या बिल्डने गोल्ड दिसला की थेट नकार द्यायला सुरुवात केली. पुढे देखभाल करणारेही उरले नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत बिनयुटिल्स २.४४ आलं तेव्हा गोल्ड मुख्य संचातून बाहेर काढून वेगळा ठेवला गेला. आज नव्याने गोल्डकडे जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जुन्या बिल्डच्या फाइलींत त्याचं नाव अजून बऱ्याच ठिकाणी सापडेल, ते सापडलं की बदलून टाकावं.

एलएलडी आणि मोल्ड

एलएलडी हा एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाचा लिंकर. एल्फ, विंडोजचा फॉरमॅट, मॅकचा माख-ओ आणि वेबअसेंब्ली असे चारही त्याला येतात. पण बीएफडीसारखं एका समान रूपात भाषांतर करायच्या फंदात तो पडत नाही. प्रत्येक फॉरमॅटसाठी जवळजवळ वेगळा लिंकर लिहून ते एका छताखाली ठेवले आहेत. लिंकर स्क्रिप्ट त्याला बऱ्यापैकी कळतात, एवढ्या की लिनक्स कर्नल क्लँग (त्याच प्रकल्पाचा कंपाइलर) आणि एलएलडीने बांधता येतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १२.० ने ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर एलएलडीलाच सिस्टिमचा लिंकर केलं. एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावरची हजारो पॅकेजेस एखाद्या लिंकरवर बांधली जातात, तेव्हा त्याचे कानेकोपरे आपोआप घासून निघतात. एलएलडीवर मी विश्वास टाकतो तो मुख्यतः या कारणासाठी.

एलएलडीच्या आजच्या रूपामागे ज्यांचा मोठा हात होता त्या रुई उएयामा यांनीच नंतर मोल्ड लिहिला. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मधली. स्वतःच्याच लिंकरला मागे टाकायला निघालेला माणूस, त्यामुळे कुठे वेळ जातो हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेलं माप मजेशीर आहे: तेवढ्याच आकाराची फाइल नुसती कॉपी करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या शक्य तितकं जवळ जायचं. शेवटी लिंकर म्हणजे बरेचसे बाइट इकडून तिकडे नेणं आणि जाता जाता रिकाम्या जागा भरणंच.

मोल्डची युक्ती बघण्यासारखी आहे. लिंकिंगचं काम अनेक थ्रेडमध्ये वाटणं वरवर सोपं वाटतं, पण त्यात एक पेच आहे. दोन फाइलींत एकाच नावाचं सिम्बॉल असेल तर कोणतं घ्यायचं, हे कमांडवरच्या फाइलींच्या क्रमावर ठरतं. सगळे थ्रेड एकाच वेळी धावू लागले तर आज एक जिंकेल, उद्या दुसरा, आणि तोच कोड दोनदा लिंक केला तर दोन वेगळे प्रोग्राम मिळतील. मोल्ड यासाठी प्रत्येक फाइलला आधीच क्रमांक देऊन ठेवतो. थ्रेड कुठल्याही क्रमाने येऊन 'हे सिम्बॉल माझं' असा दावा करोत, ज्याची फाइल क्रमाने आधी तोच टिकतो. शर्यत कशीही झाली तरी निकाल एकच. पुढे प्रत्येक तुकडा किती मोठा आणि कुठून कुठपर्यंत, हे ठरलं की आउटपुट फाइलचे हिस्से वाटून सगळे थ्रेड आपापल्या हिश्श्यात लिहायला मोकळे. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.

काही युक्त्या तर हातचलाखीच्या वाटाव्यात अशा. जुनी आउटपुट फाइल असेल तर मोल्ड तिच्यावरच नवी लिहितो, कारण मोठी फाइल कोरी तयार करण्यापेक्षा असलेलीवर लिहिणं ऑपरेटिंग सिस्टिमला स्वस्त पडतं. आणि खरं काम तो एका चाइल्ड प्रोसेसकडून करून घेतो. आउटपुट तयार झालं की पॅरेंट 'झालं' म्हणून बाहेर पडतो आणि तुमची कमांड संपते. मागे चाइल्ड आपली अवाढव्य मेमरी निवांतपणे आवरत असतो. ही फसवणूक म्हणायची का? मला नाही वाटत. फाइल खरोखर तयार असते, मागची आवराआवर बघायला तुम्ही थांबायचं कशाला.

आता आकडे. मोल्डच्या प्रकल्पाने १६ कोर आणि ३२ थ्रेड धरून स्वतःचा तक्ता प्रसिद्ध केला आहे. त्यात क्लँग १९ हा सुमारे दीड गिगाबाइटचा प्रोग्राम लिंक करायला ग्नू एलडीला ४२ सेकंद लागले, गोल्डला ३३, एलएलडीला ५.२ आणि मोल्डला १.३५. आकडे मोल्डवाल्यांनीच दिले आहेत, हे लक्षात असू द्या. तरी क्रम असाच लागतो, त्यात वाद नाही. माझी नजर मात्र दुसऱ्याच फरकावर जाते. ४२ वरून ५ वर येणं म्हणजे माणसाचं लक्ष उडायच्या आत काम होणं. ५ वरून दीडवर येणं छानच आहे, पण आयुष्य बदलतं ते पहिल्या उडीत. ही पहिली उडी एलएलडीवर मिळते, आणि सुसंगततेचं ओझं त्याने मोल्डपेक्षा जास्त वाहिलेलं आहे.

कोर कमी असले की मोल्डची आघाडीही आटते. चार कोरच्या लॅपटॉपवर ३२ थ्रेडचं स्वप्न पाहू नये. उलट दिशेचाही एक सापळा आहे. प्रकल्पात दोनशे टेस्ट प्रोग्राम असतील आणि बिल्ड सिस्टिम त्यांतले सोळा एकाच वेळी लिंक करायला घेत असेल, तर प्रत्येक मोल्ड सगळे कोर आपलेच समजून थ्रेड उभे करतो. मग कोरसाठी आणि मेमरीसाठी रेटारेटी. एका वेळी एकच मोल्ड चालावा अशी सोय त्याने एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेली आहे, पण ती तुम्हाला माहीत असली तर.

मोडतं कुठे

सुरुवात एका गमतीपासून. ग्लिबसी ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर प्रोग्राम बांधण्यासाठीच्या फाइलींमध्ये सी लायब्ररीची 'लिबसी' नावाची डॉट-एसओ फाइल शोधा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत बायनरी कचरा दिसेल असं वाटतं, पण दिसतात चार-पाच ओळी साधा मजकूर. खरी लायब्ररी अमुक ठिकाणी आहे, सोबत अमुक तुकडाही घे, असं सांगणारी ती चिमुकली लिंकर स्क्रिप्ट असते. म्हणजे लिंकर स्क्रिप्टशी आमचा काही संबंध नाही, असं म्हणणारे आपण सगळे रोज एक तरी वापरतो. मोल्डने पूर्ण स्क्रिप्टची भाषा उचललेली नाही, पण एवढी जुजबी समज त्याला ठेवावीच लागली, नाहीतर साधा नमुना प्रोग्रामही लिंक झाला नसता. कर्नल, बूटलोडर, मायक्रोकंट्रोलरची फर्मवेअर यांच्या लांबच लांब स्क्रिप्ट मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे ग्नू एलडी किंवा एलएलडी, तिसरा पर्याय नाही.

पुढचा मुद्दा बारीक आहे, पण सगळ्यात जास्त घोळ त्यानेच होतो: स्टॅटिक लायब्ररींचा, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींच्या गठ्ठ्यांचा, क्रम.

ग्नू एलडी कमांडवरच्या फाइली डावीकडून उजवीकडे वाचत जातो. स्टॅटिक लायब्ररी समोर आली की तो विचारतो, या क्षणी मला कोणती सिम्बॉल हवी आहेत? जी हवीत तेवढे तुकडे काढून घेतो आणि पुढे सरकतो. पुढच्या एखाद्या फाइलला मागच्या लायब्ररीतलं काही लागलं तर तो मागे वळून बघत नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी एरर येते आणि नवखा माणूस कपाळाला हात लावतो, कारण लायब्ररी तर दिलेली आहे, सिम्बॉलही त्यात आहे! फक्त ती एक घर उजवीकडे हवी होती. एकमेकांवर अवलंबून असलेल्या लायब्ररींना गटात बांधून पुन्हा पुन्हा तपासायला लावण्याचा पर्याय एलडीमध्ये आहे, तो याचसाठी.

एलएलडी आणि मोल्ड इथे सैल आहेत. समोरून गेलेल्या लायब्ररीत काय काय आहे, हे ते लक्षात ठेवतात आणि नंतर गरज पडली की तिथून उचलतात. ऐकायला ही सुधारणाच वाटते. आता एक प्रसंग पाहा. लायब्ररी अ, ब आणि क अशा क्रमाने दिल्या आहेत. 'नोंद' नावाचं फंक्शन अ मध्येही आहे आणि क मध्येही, जरा वेगळं. त्याची गरज फक्त ब ला आहे. ग्नू एलडी अ पाशी आला तेव्हा 'नोंद' कुणाला नकोच होतं, म्हणून त्याने काही घेतलं नाही. ब वाचल्यावर गरज निर्माण झाली, पुढे क मध्ये ती भागली. एलएलडीला मात्र अ मधलं 'नोंद' आठवतं, तो ते घेतो. दोघांचं लिंकिंग बिनबोभाट पार पडतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि प्रोग्राम मात्र दोन वेगळे. असं क्वचित होतं हे मान्य. पण झालं की शोधायला दिवस जातात, कारण संशय लिंकरवर जातच नाही. मागे वळून उचललं की सांग, असा वॉर्निंगचा फ्लॅग, म्हणजे कमांडवर द्यायचा पर्याय, एलएलडीत आहे. स्थलांतर करताना तो एकदा तरी लावून बघा.

याची सौम्य आवृत्ती मी स्वतः अनुभवली आहे. माझ्या यंत्रावर एलएलडी, बिल्ड सर्व्हरवर जुना एलडी. मी एक नवी लायब्ररी यादीच्या सुरुवातीला घातली, माझ्याकडे सगळं सुरळीत, सर्व्हरवर लाल. दोन तास कंपाइलरच्या आवृत्त्या ताडून पाहिल्या. शेवटी चूक एका शब्दाच्या जागेची निघाली. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: टीममध्ये लिंकर वेगवेगळे असले तर चालतील, पण निदान एका बिल्डने ग्नू एलडीची शिस्त पाळलेली असावी. कडक मास्तरासमोर पास झालेला पेपर सैल मास्तरही नापास करत नाही, निदान या विषयात.

सगळ्याच विषयांत एलडी कडक आहे असं मात्र नाही. काही बाबतींत तो मवाळ आणि एलएलडी खडूस. लायब्ररीतून कोणती सिम्बॉल बाहेर दाखवायची, याची यादी व्हर्जन स्क्रिप्टमध्ये देतात. वर्षानुवर्षं कोड बदलतो, फंक्शनं उडतात, यादीत त्यांची नावं तशीच राहतात. ग्नू एलडी काही बोलत नाही. एलएलडीने २०२३ मधल्या १६ व्या आवृत्तीपासून अशा बेवारस नावांना एरर द्यायला सुरुवात केली आणि कितीतरी जुन्या पॅकेजेसची बिल्डं अचानक अडली. तसंच हाताने लिहिलेल्या जुन्या असेंब्लीचं. चालू कोडच्या पानांतच लोड होताना पत्ते दुरुस्त करावे लागतील असा तो कोड असेल, तर एलएलडी आपणहून एरर देतो, एलडी चालवून घेतो. दोन्ही ठिकाणी जुनं वागणं परत आणणारे फ्लॅग आहेत. पण माझं मत विचाराल तर फ्लॅग लावण्याआधी यादी साफ करावी. एलएलडीची तक्रार बहुतेक वेळा रास्त असते.

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, वापरत असाल तर चित्रच पालटतं. ऑब्जेक्ट फाइलींत तयार कोड नसतो, कंपाइलरचं अर्धवट रूप असतं, आणि खरं कोडनिर्माण लिंकच्या वेळी होतं. वेळ सगळा तिकडे जातो. रिकाम्या जागा दोन सेकंदांत भरल्या काय किंवा वीस, एकूण कित्येक मिनिटांत तो फरक बुडून जातो. सुसंगततेचा प्रश्न मात्र टोकदार होतो. एलएलडीला क्लँगचं एलटीओ घरच्यासारखं येतं, जीसीसी या दुसऱ्या कंपाइलरचं येत नाही. ग्नू एलडी आणि मोल्ड दोघेही प्लगइनमार्फत जीसीसीचंही चालवतात. तेव्हा जीसीसी आणि एलटीओ अशी जोडी असेल, तर एलएलडी यादीतून गळला.

एक भीती मात्र अनाठायी आहे. 'सिस्टिमच्या लायब्ररी एलडीने बांधलेल्या, माझा प्रोग्राम मोल्डने, मग चालताना भांडतील का?' नाही. बाहेर पडणारी फाइल एल्फच्याच नियमांनी लिहिलेली असते आणि चालवताना ती उचलणारा लोडर कुणी लिंक केली हे विचारत नाही. एकाच प्रोसेसमध्ये तीन लिंकरांच्या हातच्या लायब्ररी सुखाने नांदू शकतात.

मॅकवर ही चर्चा फारशी होत नाही, कारण तिथला लिंकर ॲपलचा आणि तोच बहुतेक जण वापरतात. तरी २०२३ मध्ये एक्सकोड १५ सोबत ॲपलने नवा, जास्त समांतर चालणारा लिंकर आणला, तेव्हा काही प्रकल्प अडखळले आणि जुना लिंकर परत मागवायचा 'क्लासिक' फ्लॅग हातोहात पसरला. वेग वाढवताना पाय घसरण्याची जागा तीच, दुकान फक्त वेगळं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लिंकरची वाट वेगळी आहे. तो फंक्शनांच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडून ठेवतो आणि पुढच्या वेळी बदललेला तुकडाच जागच्या जागी बसवू पाहतो, याला इन्क्रिमेंटल लिंकिंग म्हणतात. लिनक्सवर हे स्वप्न जुनं आहे. गोल्डमध्ये त्याचा प्रयोग झाला, आता रस्टमध्ये लिहिला जात असलेला वाइल्ड नावाचा लिंकर तेच ध्येय धरून आहे.

मग घ्यायचा कोणता

रस्टवाल्यांचं उत्तर बरंच सोपं झालं आहे. ६४-बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर रस्टने १.९० या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, सोबत येणारा एलएलडीच डीफॉल्ट केला. रस्टमध्ये सगळे क्रेट (म्हणजे कोडची पॅकेजेस) शेवटी एका प्रोग्राममध्ये स्टॅटिक लिंक होतात आणि ही लिंक प्रत्येक छोट्या बदलानंतर नव्याने होते, त्यामुळे फायदा तिथे ठळक दिसतो. मोल्ड न निवडता एलएलडी निवडला, यातच डीफॉल्ट ठरवणाऱ्याला काय काय सांभाळावं लागतं ते दिसतं.

बाकीच्यांनी आधी स्वतःचं गणित मांडावं. समजा पूर्ण बिल्डला वीस मिनिटं लागतात आणि त्यांतले चाळीस सेकंद लिंकिंगचे. लिंकर शून्य सेकंदात काम करू लागला तरी वाचतात तीन टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण एक ओळ बदलून पुन्हा बिल्ड करताना कंपाइलला तीन सेकंद आणि लिंकला चाळीस लागत असतील, तर पाच सेकंदांत लिंक करणारा लिंकर त्रेचाळीसचे आठ करून देतो. म्हणजे फायदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर आहे, रात्री चालणाऱ्या पूर्ण बिल्डमध्ये जवळजवळ नाही. म्हणूनच रोजच्या कामाला मोल्ड किंवा एलएलडी आणि ग्राहकांकडे जाणाऱ्या बिल्डला सिस्टिमचा ठरलेला लिंकर, ही विभागणी मला पटते. लोक हिला दुटप्पी म्हणतात. म्हणोत.

लिंकर न बदलताही काही सेकंद सुटतात. डीबग माहिती वेगळ्या फाइलींत ठेवायचा पर्याय जीसीसी आणि क्लँग दोघांकडे आहे. तो लावला की तिचा मोठा भाग लिंकरसमोर येतच नाही. आणि डीबग सेक्शन कॉम्प्रेस करण्याचा फ्लॅग कुणी कधीतरी लावून ठेवला असेल तर रोजच्या बिल्डमधून तो काढा. डिस्कवरची जागा वाचवायला दर वेळी प्रोसेसर राबवण्यात शहाणपण नाही.

मोजताना पहिली फेरी सोडून द्या. पहिल्या वेळी ऑब्जेक्ट फाइली डिस्कवरून येतात, दुसऱ्या वेळी मेमरीतून, आणि दुसऱ्या क्रमांकावर धावलेला लिंकर फुकटात जिंकतो. शक्य असेल तर बिल्डमधली नुसती लिंकची कमांड वेगळी काढून तीच पाच-सहा वेळा चालवा.

आणि मोजण्याआधी एक तपासणी. एलएलडी आणि मोल्ड दोघेही तयार प्रोग्रामच्या 'कॉमेंट' नावाच्या सेक्शनमध्ये आपलं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतात, रीडएल्फ या साधनाने ते वाचता येतं. ग्नू एलडी तिथे नाव लिहीत नाही. मी एकदा दोन दिवस मोल्डचे आकडे नोंदवत होतो. फरक नगण्य येत होता आणि मोल्डबद्दल माझं मत बिघडत चाललं होतं. तिसऱ्या दिवशी कॉमेंट उघडलं तर आत फक्त जीसीसीचं नाव. मोल्ड निवडायचा फ्लॅग मी कंपाइलच्या यादीत घातला होता. तिथे जीसीसीने तो मुकाट्याने गिळला, आणि लिंकच्या यादीपर्यंत तो कधी पोहोचलाच नव्हता.